मालकाचं नाव, एका ओळीत

आमच्या कंपनीच्या फॉर्मवर नववा रकाना होता, 'जमीनमालकाचे नाव'. पुढे एकच ओळ, तीही आखूड. त्या ओळीपाशी मी सुमात्रातल्या एका ओसरीवर चार संध्याकाळी अडून बसले होते.

मी तिथे कशी पोचले ते आधी सांगते. मी काथाच्या धंद्यात नोकरी करते. पानातला काथ खैराचा, ही आपली पिढीजात समजूत. कोकणात खैर आहे, भट्ट्याही आहेत, पण सगळ्या देशाच्या तोंडाला तो कुठून पुरणार? म्हणून पुष्कळसा काथ येतो इंडोनेशियातून. तिथे त्याला गाम्बिर म्हणतात. झाड वेगळं, वेलीसारखं पसरणारं झुडूप, आणि काथ निघतो तो पानांमधून आणि कोवळ्या डहाळ्यांमधून. जगातला बहुतेक गाम्बिर इंडोनेशियात होतो, तिथला बहुतेक पश्चिम सुमात्रात, आणि त्यातला मोठा वाटा लिमा पुलुह कोता या एका जिल्ह्यात. या मालाचं सगळ्यांत मोठं गिऱ्हाईक म्हणजे आपण. हल्ली माल नेमका कुठल्या शेतातून आला याचा कागद लागतो, म्हणून मला फॉर्मचा गठ्ठा देऊन पाठवलं होतं.

पायाकुंबुह हे जवळचं शहर. तिथून डोंगर चढायचा आणि पलीकडे उतरायचं, की खाली परातीसारखं एक खोरं दिसतं. चारी बाजूंना टेकड्या, त्यातल्या एकीला आरपार भोक आहे. तिचं नावच बुकिक पोसुआक, भोकाची टेकडी. मधून बातांग माएक नदी वाहते, दोन्ही काठांना भातखाचरं, उतारांवर गाम्बिर. गावाचं नाव माएक. गावाला तिथे 'नगारी' म्हणतात. आपलीच नगरी ती, फक्त आकार खेड्याचा.

माएकमध्ये उभे दगड आहेत, शेकड्यांनी. कोणी कमरेइतका, कोणी पुरुषभर उंचीचा, काहींची टोकं मूठ वळवल्यासारखी एका बाजूला कललेली. बावा पारित नावाच्या जागी त्यांची दाटी आहे, तिथे कुंपण घातलंय. तिथले बरेचसे सागो डोंगराकडे तोंड करून आहेत. 1980च्या दशकात उत्खनन झालं तेव्हा खाली माणसांची हाडं सापडली. पण कुंपणाबाहेरही दगड आहेतच, बांधावर, परसात, मक्याच्या शेतात. आमच्याकडे सांगली जिल्ह्यात वीरगळ असेच गावभर पडलेले असतात, त्यामुळे मला फार नवल वाटलं नाही. नवल वाटलं ते एतेकने त्यातल्या एका दगडाला सहज टेकून बसत "हे आमच्यातले" म्हटलं त्याचं. एतेक म्हणजे मावशी. ज्या घरी मी उतरले होते तिथल्या बाईंना सगळं गावच एतेक म्हणत असे, मीही म्हणू लागले.

आता रकाना नऊ.

पहिल्या संध्याकाळी एतेकच्या मुलीने फॉर्म मोठ्याने वाचून दाखवला. ती पाडांगच्या विद्यापीठात शिकलेली, इंग्रजी चांगलं, दुभाषाचं काम तिचंच. मालक कोण, असं विचारल्यावर एतेक म्हणाली, "मळा मी करते." मी तिचं नाव लिहायला पेन टेकवलं, तर तिने माझं मनगट धरलं. करते म्हणजे माझा नव्हे. मळा तिच्या आजीच्या आईकडून आलाय. आता एतेक कसते, शेजारची दोन खाचरं तिची बहीण कसते, तिसरा तुकडा मावसबहिणीकडे. याला ते 'गांगम बाउंतुआक' म्हणतात, म्हणजे प्रत्येकीच्या मुठीत तिच्यापुरतं दिलेलं. मूठ तिची, जमीन सगळ्यांची.

"मग सगळ्यांच्या वतीने कोण?"

"माझा भाऊ."

दुसऱ्या संध्याकाळी भाऊ आला. साठीचा, टोपी, लुंगी, पायात रबरी चपला, हातात प्लास्टिकची पिशवी. तो आला म्हणून पितळी तबक बाहेर आलं. त्यात नागवेलीची पानं, सुपारी, चुना, तंबाखू आणि गाम्बिरचा बोटाच्या पेराएवढा तपकिरी तुकडा. मी दोन पानं उचलून शिरा काढल्या, चुना लावला आणि घडी घातली, तशी सगळी ओसरी हसायला लागली. इतक्या लांबून आलेली बाई विडा लावते! मी म्हटलं, बाबांनो, तुमचा माल आम्हीच तर खातो.

या भावाचं कुटुंबातलं पद 'मामक केपाला वारिस'. तीनही शब्द मला ओळखीचे वाटले. मामक म्हणजे मामाच, केपाला म्हणजे कपाळ, म्हणून डोकं, म्हणून प्रमुख, आणि वारिस तर वारस. वारसांचा प्रमुख मामा. मला वाटलं, सापडला मालक. मामाने पान चघळत शांतपणे सांगितलं की त्याच्या नावावर लिहिलं तर ते खोटं ठरेल. तो राखणदार. भांडण लागलं तर मिटवायचं, कागदावर सही करायची, भाच्यांकडे लक्ष द्यायचं. त्याच्या पोटच्या पोरांना या मळ्यातलं पानही मिळणार नाही. ती त्यांच्या आईच्या घराण्याची, त्यांचं सगळं तिकडे. इथल्या मिनांगकाबाऊ लोकांत म्हणच आहे, मूल मांडीवर, भाचा बोटाला. दोघांना एकदम सांभाळायचं म्हणजे एक मांडी आणि एक बोट कायम गुंतलेलं.

मिनांगकाबाऊ ही आईकडून वंश मोजणारी माणसं. जगातला असा सगळ्यांत मोठा समाज त्यांचाच म्हणतात, आणि ते कडवे मुसलमान आहेत. हे दोन्ही एकत्र कसं बसतं यावर त्यांच्यातच दोनशे वर्षं वाद चाललाय. एकोणिसाव्या शतकात 'पाद्री' नावाच्या चळवळीने (हे ख्रिस्ती पाद्री नव्हेत, कडक मुसलमान सुधारक) रूढी मोडायला हत्यार उचललं, त्यातून डचांशी युद्ध झालं आणि ते 1837 पर्यंत चाललं. पुढे त्यांच्यातलेच शेख अहमद खतीब मक्केच्या मशिदीत इमाम झाले, आणि तिथून त्यांनी लिहिलं की भाच्यांना मिळणारी ही इस्टेट म्हणजे बळकावलेला माल. शेवटी 1952 साली बुकितिंगीला मौलवी, घराण्यांचे मामा आणि शिकलेली मंडळी एकत्र बसली आणि तोड निघाली. पूर्वजांकडून आलेलं ते 'पुसाको तिंगी', उंच ठेव, ते आईच्या रेषेनेच जाईल. स्वतः कमावलेलं ते 'पुसाको रांदाह', खालची ठेव, ते शरियतप्रमाणे मुलामुलींत वाटलं जाईल. 1968 मध्ये पाडांगच्या परिषदेत यावरच पुन्हा शिक्का बसला. उंच-खाल हे शब्द मला फार आवडले. आपल्याकडे वडिलोपार्जित आणि स्वकष्टार्जित, कोर्टातल्या कारकुनाच्या तोंडचे.

उंच ठेव विकता येत नाही. गहाण टाकता येते, तीही चारच कारणांनी. घरात मढं आडवं पडलंय आणि मूठमातीला पैसा नाही. मुलगी मोठी झाली आणि लग्न अडलंय. घराण्याचा मोठा वाडा गळतोय. घराण्याची सरदारकीची पदवी रिकामी पडलीय आणि नवा माणूस बसवायचाय. या शेवटच्याला ते 'बुडालेला ओंडका वर काढणं' म्हणतात. गहाणाचा हिशेब सोन्यात. पैसे देणारा खाचर कसून खातो, सोनं परत केलं की शेत परत. सरकारच्या 1960च्या कायद्याप्रमाणे सात वर्षांनी गहाण शेत फुकट परत करायला हवं. मी ते बोलून दाखवलं तर मामा म्हणाला, असं मागायला जाणाऱ्याला गावात कोण तोंड दाखवू देईल?

"आणि कॉलेजची फी?" मी विचारलं.

"मुलीचं लग्न अडलंय, त्यात बसवतो." तो हसला. "मोटरसायकलसुद्धा."

एतेकचा नवरा तेवढा वेळ उंबऱ्याशी बसून होता. इंडोनेशियन भाषेत नवऱ्याला 'सुआमी' म्हणतात, उघड उघड स्वामी. पण मिनांग घरात तो 'सुमांदो', बाहेरून जोडला गेलेला. त्याच्याबद्दलची म्हण अशी की तो जळक्या खोडावरची राख. वारा आला की गेला. पूर्वी नवरा रात्री यायचा आणि पहाटे आईच्या घरी परतायचा. घरात खोल्या मुलींच्या, मुलगे वयात आले की सुराऊमध्ये, म्हणजे नमाजघरात, झोपायचे आणि पुढे रोजगाराला परमुलखात निघायचे. इंडोनेशियाच्या कुठल्याही शहरात पाडांगी खानावळ सापडते ती त्यामुळे.

या सुमांदोची गोष्ट मला त्याच्या भट्टीवर कळली. तिसऱ्या दिवशी मी पहाटेच त्याच्याबरोबर उतारावर गेले. मळ्यातच चार खांबांवर छप्पर, आत चूल, चुलीवर मोठी कढई. आदल्या दिवशी तोडलेल्या डहाळ्या गच्च दाबून टोपलीत भरायच्या आणि ती टोपली उकळत्या पाण्यात उभी करायची. तासाभराने बाहेर काढायची, दोरखंडाने आवळायची आणि दाबाखाली घालायची. दाब म्हणजे दोन ओंडके आणि ट्रकखाली लावतात तो जॅक. तो दांडा मारत गेला तसा टोपलीच्या फटींतून हिरवट-पिवळा रस पन्हाळीत ओघळायला लागला. वास कडू आणि धुरकट, घशात अडकणारा. मी वीस वर्षं प्रयोगशाळेत काथाचा नमुना तपासते, पण हा वास कधी आला नव्हता. तो रस रात्रभर निवत ठेवायचा. खाली बसलेला गाळ कापडात बांधून दगडाखाली चेपायचा, मग शाडूसारख्या त्या लगद्याच्या बांबूच्या कांडीने गुंडाळ्या पाडायच्या आणि उन्हात वाळवायच्या. गुंडाळ्या पाडणं बायकांचं काम. एतेक बोलता बोलता पाडत होती, मान वर न करता, एकसारख्या.

निघालेल्या मालातला अर्धा वाटा दाबणाऱ्याचा आणि अर्धा मळ्याचा. म्हणजे नवरा बायकोच्या घराण्याच्या मळ्यात अर्धलीने राबतो. मी हे जरा मिस्कीलपणे बोलून गेले. तो जॅकवर पूर्ण वजन टाकत म्हणाला, माझ्या आईचंही घर होतं.

होतं ते तांजुंग पाऊला, इथून उत्तरेला. ही माएक नदी पुढे ज्या खोऱ्यात उतरते तिथे 1990च्या दशकात कोतो पांजांग धरण झालं, जपानी कर्जावर. दहा गावं गेली, आठ रियाऊ प्रांतातली, दोन पश्चिम सुमात्रातली. 2002 साली तिथले हजारो विस्थापित थेट टोकियोच्या कोर्टात जपानी सरकारवर दावा लावून बसले. हरले. तो तेव्हा विशीतला. "मोबदल्याचा कागद आला त्यावरही एकच ओळ होती," तो म्हणाला. "ज्याने सही केली त्याने पैसे घेतले. मावश्या अजून त्याच्याशी बोलत नाहीत." मग थोडं थांबून म्हणाला, "पुसाको विकता येत नाही म्हणतात. बुडवता येतं." कोयना, वारणा, उजनी ऐकत वाढलेल्या माणसाला यावर नवीन काय बोलता येणार? 'धरणग्रस्त' हा शब्द त्याच्या भाषेत कसा सांगायचा ते मला सुचेना.

तीन वर्षांपूर्वी त्याला मूतखड्याचं मोठं दुखणं झालं. उपचार सरकारी विम्यात झाले, पण सहा महिने भट्टी बंद. मळा गहाण टाकायचा विषय निघालासुद्धा नाही. सुमांदोचं दुखणं चार कारणांत बसत नाही. ते त्याच्या आईच्या घराने निस्तरायचं, आणि आईचं घर पाण्याखाली. एतेकने बांगड्या मोडल्या. त्या मात्र तिच्या स्वतःच्या होत्या. हे ती सांगत होती तेव्हा मामा तबकातला चुना बोटाने सारखा करत बसला होता.

इथवर वाचून कोणाला वाटेल की मी बायकांचं राज्य बघून भारावले आणि आता त्याची नाडी तपासतेय. तसं थोडंसं झालंही. पण माझ्याकडे एक जुना हिशेब होता.

2011 साली वडील गेल्यावर आम्ही दोघी बहिणींनी हक्कसोडपत्रावर सह्या केल्या. तीन एकर आणि राहतं घर. 1994 पासून महाराष्ट्रात मुलीला वडिलोपार्जित जमिनीत बरोबरीचा वाटा आहे, देशभर तो 2005 ला आला, हे मला तोंडपाठ होतं. शेतजमीन बायकोच्या नावावर करा म्हणणारी शरद जोशींची 'लक्ष्मी मुक्ती'ची भाषणं वडिलांनीच मला ऐकवली होती. तरी सही केली. कोणी जबरदस्ती केली नाही. निबंधकाच्या कचेरीत अंगठ्याला शाई लागली ती पुसायला वहिनीने स्वतःचा रुमाल दिला, दुपारी पुरणपोळी झाली, संध्याकाळी दोघींना साड्या. माझा भाऊ चांगला आहे, अजून दर सुगीला शेंगा पाठवतो. मला बोचतं ते एवढंच की त्या दिवशी "माहेर तुटायला नको" हे वाक्य निदान पाच जणांनी म्हटलं, आणि त्यातलं एक मी.

तिसऱ्या संध्याकाळी मामाने प्लास्टिकच्या पिशवीतून रांजी काढली. रांजी म्हणजे वंशावळ. सरकारी जमीन-दाखला काढायचा तर ती लागते, घराण्यातल्यांच्या, पंचांच्या आणि गावप्रमुखाच्या सह्यांनिशी. घडीवर फाटलेला, चिकटपट्टी लावलेला मोठा कागद त्याने ओसरीवर पसरला आणि चार कोपऱ्यांवर चार गाम्बिरच्या गुंडाळ्या ठेवल्या. सगळ्यांत वर एक बाई. तिच्याखाली रेघा, रेघांखाली बायका आणि पुरुष दोघंही. पण बाईच्या नावाखालून रेघ पुढे जात होती आणि पुरुषाच्या नावाखाली कोरा कागद. मामाने स्वतःचं नाव दाखवलं. त्याला चार मुलं, दोन नातवंडं. त्याच्या नावाखाली काही नव्हतं. त्याने बोट तिथे एक क्षण ठेवलं आणि सरकवून शेजारच्या एतेकच्या नावावर नेलं. तिच्याखाली तिची मुलगी, आमची दुभाषी. तिच्याखाली अजून जागा मोकळी होती, मुद्दाम ठेवलेली.

आमच्या गावी हेळवी येतो, बैलावरून, पिढ्यांची चोपडी घेऊन. लहानपणी मी त्याला माझं नाव विचारलं होतं. त्याने भावाचं वाचून दाखवलं.

मुलगी मला नंतर एकटीने म्हणाली की तिला पाडांगला नोकरी मिळत होती. भाऊ जाकार्ताला आहे, त्याला कोणी विचारत नाही कधी येणार. तिला मात्र रोज विचारतात. एतेकच्या सिमेंटच्या घराशेजारी जुना वाडा आहे, रुमा गादांग, शिंगांसारखी टोकं वर गेलेल्या छपराचा. आता तिथे कोणी राहत नाही. पण तो उघडायला, झाडायला आणि घराण्याचं कार्य निघालं की चूल पेटवायला मुलगी लागते. एकुलती मुलगी तीच. "तुम्हाला जमीन मिळाली नाही म्हणून वाईट वाटतं," ती म्हणाली. "मला मिळाली आहे." मी काही बोलले नाही. वाड्याच्या जिन्यावर शेवाळ चढलं होतं आणि तिने चपलेच्या टाचेने ते खरवडत खरवडत हे सांगितलं.

दाखला अजून काढलेला नाही. मामाचं मत काढावा असं, एतेकचं नको. गावातल्याच दुसऱ्या घराण्यात दाखला सोयीसाठी एका भावाच्या नावावर निघाला. त्याने बँकेत ठेवून कर्ज उचललं, गाम्बिरचा भाव पडला आणि मळा गेला. एका नावावर लिहिलं की ते नाव म्हातारं होतं, कर्जबाजारी होतं, मरतं, असं एतेक म्हणाली. भाव पडण्याचा विषय निघाला तेव्हा सगळे माझ्याकडे बघेनासे झाले, अगदी सभ्यपणे. भाव कोण ठरवतो ते त्यांना माहीत आहे. आमच्यासारखे खरेदीदारच ठरवतात.

चौथ्या संध्याकाळी मी फॉर्म उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर, मुलीच्या मदतीने, छोटी रांजी काढली. पाच बायका, दोन पुरुष, रेघा. नवव्या रकान्यात लिहिलं, 'मागे पाहावे'. मामाने सही केली. निघताना एतेकने वर्तमानपत्रात गुंडाळून मूठभर गाम्बिर दिला, माझ्या आईसाठी. आईने तो पानात घालून बघितला आणि कडू आहे म्हणाली, मग दुसरं पान लावलं.

तीन आठवड्यांनी ऑफिसातून फॉर्म परत आला. सिस्टीम एकच नाव घेते, चाळीस अक्षरांपर्यंत. आजच्या आज भरा, नाहीतर लॉट अडकेल. लॉट अडकला तर पैसे अडकणार ते एतेकचे. मामाला फोन लावायला हवा होता, तिकडे तेव्हा रात्रीचे नऊ वाजले असतील, फार उशीर नव्हता. मी लावला नाही. रकान्यात एतेकचं नाव टाइप केलं, एकटीचं, आणि सेव्ह केलं. तिने धरलेलं मनगट तेच, उजवं.